समुद्राच्या लाटा व त्यांचें पूर्वज्ञान

आपला खानदेश समुद्रापासून दूर आहे. तापी नदी आपल्या प्रांतांतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि सुरत शहराच्या पलीकडे अरबी समुद्रास मिळते. एवढाच काय तो समुद्राशीं आपला पिढीजात संबंध. जळगांव, भुसावळ, अंमळनेर, धुळें येथील कित्येक विद्यार्थ्यांस समुद्राचें पहिलें दर्शन घडतें तें शाळेच्या सहलींत. अलिबाग, काशीद, मुरूड, गणपतीपुळें, तारकर्ली हीं नांवें आतां आपल्या मुलांच्या तोंडीं झालीं आहेत. हें योग्यच आहे. ज्या देशास एवढा विस्तीर्ण किनारा लाभला आहे, त्या देशाच्या मुलांनीं समुद्र अवश्य पाहावा. परंतु गिरणेच्या किंवा पांझरेच्या डोहांत जो पोहावयास शिकला, त्यास वाटतें कीं, पाणी तें पाणीच; नदींत तरलों तर समुद्रांतही तरूं. ही समजूत किती घातक आहे हें पुढील दोन गोष्टींवरून दिसून येईल.

ता. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूड येथें सहलीस आलेले पुण्यांतील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी समुद्रांत बुडून मरण पावले. ता. ६ मे २०२४ रोजीं कन्याकुमारी जिल्ह्यांत वैद्यकीचे ५ विद्यार्थी लाटांत सांपडून प्राणांस मुकले. दोन्ही वेळीं त्या किनाऱ्यावर वादळ नव्हतें. दुसऱ्या प्रसंगीं तर विशेष हें कीं, लाटा उसळणार आहेत अशी सूचना आधींच प्रसिद्ध झाली होती. सूचना होती, पण ती वाचण्याची संवय नव्हती.

म्हणून या लेखांत एकाच गोष्टीचा विचार करावयाचा योजिला आहे. लाट जन्मास येते एका ठिकाणीं आणि फुटते दुसऱ्या ठिकाणीं. या दोहोंच्या मध्यें कित्येकदां पांच-सात दिवसांचा अवधि असतो. त्या अवधींत ती लाट ओळखतां येते, मोजतां येते, आणि ती कोणत्या दिवशीं कोणत्या किनाऱ्यावर येईल हें सांगतां येतें. हें ज्ञान कसें होतें व तें आपण कसें वाचावें, तें आतां क्रमानें पाहूं.

लाट म्हणजे काय?

दादर ज्वारीच्या उभ्या शेतावरून वारा गेला म्हणजे शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लाट धांवत गेलेली दिसते. पण एकही ताट आपली जागा सोडीत नाहीं. प्रत्येक ताट क्षणभर वांकतें व पुन्हां उभें राहतें. खोल समुद्रांतील लाटेची स्थिति पुष्कळशी अशीच आहे. पाणी जागच्या जागीं वर्तुळाकार फिरतें आणि जवळजवळ पूर्वस्थळींच येतें; पुढें जाते ती शक्ति. म्हणून खोल समुद्रांत तरंगणारें लांकूड लाटेबरोबर धांवत नाहीं, वरखालीं होत राहतें.

लाटेचीं तीन मापें ध्यानांत ठेवावीं. खळग्यापासून माथ्यापर्यंत जें अंतर ती लाटेची उंची. एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत जें अंतर ती लाटेची लांबी. आणि एकाच जागीं एक माथा येऊन गेल्यावर दुसरा माथा येईपर्यंत जितके सेकंद लागतात तो लाटेचा आवर्तनकाल. सामान्य माणूस उंची तेवढी पाहतो. जाणता मनुष्य प्रथम आवर्तनकाल विचारतो. असें कां, तें पुढें कळेल.

लाटेचा जन्म

लाट वाऱ्यापासून जन्मते. ती किती मोठी व्हावी हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबवरच्या पाण्यावरून वाहिला. हतनूरच्या धरणावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी तेथें डोंगराएवढी लाट उठत नाहीं. कारण वाऱ्यास धांवावयास तेथें पाणीच थोडें. याच्या उलट स्थिति दक्षिण महासागराची. दक्षिण गोलार्धांत ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान पृथ्वीभोंवतीं जमीन अगदींच थोडी आहे. तेथें वारा हजारों किलोमीटर अडथळ्यावांचून वाहतो, आणि हिंवाळ्यांत तर वादळामागून वादळ चालूं असतें. जगांतील अतिशय मोठ्या लाटा याच भागांत उठतात.

जोंपर्यंत लाट वाऱ्याच्या माराखालीं असते, तोंपर्यंत ती वेडीवांकडी, आंखूड व फेंसाळ असते. तिला आपण वाऱ्याची लाट म्हणूं. ती वादळाच्या बाहेर पडली म्हणजे तिचें रूप पालटतें. माथे गोल होतात, रांगा सरळ होतात, आणि ती मंद दिसणाऱ्या परंतु प्रबळ अशा गतीनें दूरवर जाते. हिला आपण दूरची लाट म्हणूं. किनाऱ्यावर वारा पडलेला असतां, ऊन स्वच्छ असतां, जी मोठी लाट एकाएकीं येते ती बहुधा अशी दूरची लाट असते.

लाटेच्या प्रवासाचें गणित

सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडे विकावयास येतात, हें आपणांस ठाऊक आहेच. समजा, पुष्कळ घोडे एकाच वेळीं एकाच ठिकाणाहून सोडले. आरंभीं त्यांचा एकच घोळका दिसेल. पण पांच-दहा कोस गेल्यावर चपळ घोडे पुढें व मंद घोडे मागें अशी आपोआप निवड होईल. लाटांचेंही असेंच होतें. वादळांत सर्व प्रकारच्या लाटा एकत्र उठतात. परंतु खोल पाण्यांत ज्या लाटेचा आवर्तनकाल अधिक, तिचा वेगही अधिक. म्हणून दूरच्या किनाऱ्यावर प्रथम दीर्घ आवर्तनकालाच्या लाटा पोंचतात व मागाहून लहान आवर्तनकालाच्या.

वेग काढण्याची रीति सोपी आहे. आवर्तनकालाच्या सेकंदांस २.८ नें गुणावें, म्हणजे लाटांचा समूह खोल समुद्रांत ताशीं किती किलोमीटर जातो तें निघतें. ८ सेकंदांच्या लाटा ताशीं सुमारें २२ किलोमीटर जातात. १८ सेकंदांच्या लाटा ताशीं सुमारें ५०. म्हणजे त्या लाटांचा थवा जळगांवाहून निघाला असता तर अर्ध्या तासांत भुसावळेस पोंचता. (समूहांतील एकेक माथा याच्या दुप्पट वेगानें पळतो, पण तो समूहाच्या अग्रभागीं पोंचतांच विरतो व मागें नवा माथा उत्पन्न होतो. शांत तळ्यांत मोठा धोंडा टाकून कडीं बारकाईनें पाहिलीं असतां ही मौज प्रत्यक्ष दिसते.)

आतां एक उदाहरण करूं. समजा, कोंकणच्या किनाऱ्यापासून ७,५०० किलोमीटरवर दक्षिण महासागरांत वादळ झालें. २० सेकंदांच्या लाटा ताशीं ५६ किलोमीटर वेगानें १३४ तासांत, म्हणजे सुमारें साडेपांच दिवसांनीं येतील. १५ सेकंदांच्या लाटा ताशीं ४२ किलोमीटर वेगानें १७९ तासांत, म्हणजे सुमारें साडेसात दिवसांनीं येतील. वादळ सोमवारीं सकाळीं झालें असेल तर पहिल्या लाटा शनिवारीं सायंकाळीं किनाऱ्यास लागतील. तोंवर तें वादळ शमलेलेंही असेल. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी खालच्या गांवीं केव्हां पोंचेल याचा अंदाज जसा आधीं करतां येतो, तसाच हा अंदाज आहे. अंतर मात्र शेंकडों पटींनीं मोठें.

या शास्त्राचा पाया दुसऱ्या महायुद्धांत घातला गेला. किनाऱ्यावर सैन्य उतरवावयाचें तर त्या दिवशीं लाटा किती असतील हें आधीं कळणें अवश्य होतें. हाराल्ड स्वेरड्रुप व वॉल्टर मंक या दोन शास्त्रज्ञांनीं वाऱ्यावरून लाटांचें भाकित करण्याची रीति बसविली, आणि जून १९४४ मध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलें तेव्हां तिचा उपयोग झाला. पुढें १९६३ सालीं मंक व त्यांचे सहकारी यांनीं पॅसिफिक महासागरांत ठिकठिकाणीं उपकरणें ठेवून दक्षिण गोलार्धांतील वादळांत उठलेल्या लाटा न्यूझीलंडपासून थेट अलास्कापर्यंत मागोवा घेत मोजल्या. दहा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करूनही त्यांची शक्ति वाटेंत फारच थोडी खर्च झालेली आढळली.

आपल्या किनाऱ्यावर आलेल्या दूरच्या लाटा

हें सर्व परदेशांतील झालें. आपल्याकडेही त्याचा अनुभव आहे. केरळांतील कोळी लोक अशा अवचित उसळणाऱ्या समुद्रास ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘चोर समुद्र’. चोर जसा चाहूल लागूं न देतां घरांत शिरतो, तसा हा समुद्र वारा-वादळावांचून वस्तींत शिरतो. ता. ३१ मार्च २०२४ रोजीं केरळच्या किनाऱ्यावर असेंच पाणी घरांत शिरलें. मागाहून शास्त्रज्ञांनीं सांगितलें कीं, त्याचें मूळ ता. २३ मार्चच्या सुमारास भारतापासून सुमारें १०,००० किलोमीटरवर असलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांत होतें; तो पट्टा दक्षिण हिंदी महासागरांत सरकला, तेथील वाऱ्यानें ११ मीटर उंचीच्या लाटा उठविल्या, आणि त्या आठवड्याभरांत केरळास येऊन भिडल्या.

पुढें मे महिन्याच्या आरंभीं तशीच सूचना पश्चिम किनाऱ्यास मिळाली. ता. ४ व ५ मे २०२४ या दिवशीं मुंबईच्या किनाऱ्यावर अर्ध्यापासून दीड मीटरपर्यंत उंचीच्या लाटा येतील, तरी लोकांनीं समुद्रांत उतरूं नये, असें मुंबई महानगरपालिकेनें जाहीर केलें. पुष्कळांस आश्चर्य वाटलें असेल कीं, पावसाळ्यांत याच्या दुप्पट-तिप्पट लाटा येतात, मग दीड मीटरची एवढी भीति कशाला? येथेंच आवर्तनकालाचें महत्त्व आहे. लाटेची शक्ति उंचीच्या वर्गाच्या व आवर्तनकालाच्या प्रमाणांत असते. एक मीटर उंचीची ६ सेकंदांची लाट आणि तितक्याच उंचीची १८ सेकंदांची लाट यांत दुसरी तिप्पट शक्ति वाहून आणते. शिवाय पहिलीची लांबी सुमारें ५६ मीटर, तर दुसरीची सुमारें ५०५ मीटर. पहिली म्हणजे पाण्याचा एक फटका. दुसरी म्हणजे पाण्याचा लोंढा. दुसरी आली म्हणजे पाणी कित्येक सेकंद चढतच राहतें, आणि तितकाच वेळ मागें खेंचीतही राहतें.

लाट किनाऱ्यावर कशी फुटते?

लाटेचा पाण्यांतील परिणाम तिच्या लांबीच्या सुमारें निम्म्या खोलीपर्यंत असतो. त्याहून पाणी उथळ झालें म्हणजे लाटेस तळ लागूं लागतो. तिचा वेग मंदावतो, लांबी आंखडते, व उंची वाढते. दूरच्या लाटेस तळ फार आधीं लागतो, म्हणून तिची उंचीही फार वाढते. खोल समुद्रांत एक मीटर असलेली १८ सेकंदांची लाट फुटतांना जवळजवळ दोन मीटर होऊं शकते, तर ६ सेकंदांची लाट सव्वा मीटरच्या आसपासच राहते. शेवटीं पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली म्हणजे माथा पुढें ढळतो व लाट फुटते.

खडकाळ किनाऱ्यावर लाट नेहमीं त्याच जागीं फुटते. कारण खडक हालत नाहीं. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तसें नाहीं. तेथें पाण्याखालीं वाळूचे उंचवटे असतात, त्यांवर लाटा फुटतात. आणि तेच उंचवटे लाटा हालवितात, मोडतात, पुन्हां रचितात. एका पावसाळ्यानंतर पुळणीचा तळ बदललेला असतो. म्हणून ‘गेल्या वर्षीं आम्ही येथेंच उतरलों होतों’ हें म्हणणें पुळणीवर पुरावा होऊं शकत नाहीं. जेथें तळाचा उतार मंद, तेथें लाट लांबवरून फेंसाळत येते. जेथें उतार उभा, तेथें ती एकदम कोसळते, आणि उतरणाऱ्याचे पाय दोन पावलांत अधांतरीं होतात.

फळीवर उभें राहून लाटेवर आरूढ होण्याचा जो खेळ हवाई बेटांत फार पुरातन आहे व ज्याचा ऑलिंपिक सामन्यांत २०२१ सालीं टोकियो येथें प्रथम समावेश झाला, तो खेळ खेळणारे लोक पुळणीवरील लाटांचें हें शास्त्र जिवाभावानें अभ्यासितात. उद्यां लाट किती, किती सेकंदांची, कोणत्या दिशेची, वारा जमिनीवरून कीं समुद्रावरून, हें पाहिल्यावांचून ते पाण्यास पाय लावीत नाहींत. ज्यांस उत्तम पोहतां येतें ते इतकी चौकशी करितात. आणि ज्यांनीं समुद्र प्रथमच पाहिला ते धांवत जाऊन उडी घेतात!

आणखी दोन फसवणुकी सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, दूरच्या लाटा घोळक्या-घोळक्यानें येतात. पांच-सात मोठ्या लाटा, नंतर कांहीं मिनिटें शांतता, पुन्हां मोठ्या लाटा. शांततेच्या वेळीं आलेला मनुष्य समुद्र निवला असें समजून कमरेइतक्या पाण्यांत जातो, आणि तेवढ्यांत पुढचा घोळका येतो. दुसरी फसवणूक परतीच्या प्रवाहाची. लाटांनीं किनाऱ्यावर लोटलेलें पाणी परत जाण्यास वाट शोधतें. वाळूच्या दोन उंचवट्यांमधील खोलगट जागेंतून तें अरुंद ओढ्यासारखें वेगानें समुद्राकडे जातें. त्या जागीं पाणी खोल असल्यामुळें लाटा फारशा फुटत नाहींत. दोहों बाजूंस पांढरा फेंस व मध्यें काळसर शांत पट्टा दिसतो. अजाण मनुष्यास तोच पट्टा सुरक्षित वाटतो. अशा प्रवाहांत कोणी सांपडलाच तर त्यानें किनाऱ्याकडे तोंड करून झुंजूं नये. त्या झुंजींत दम संपतो. अंग पाण्यावर मोकळें ठेवावें, किनाऱ्यास समांतर बाजूला सरकावें, व प्रवाहाच्या बाहेर आल्यावर लाटांबरोबर किनाऱ्यास यावें. तें न साधल्यास तरंगत राहून हात उंच करून मदत मागावी. बुडणाऱ्यास धरण्यासाठीं एकामागून एक पाण्यांत शिरणें ही तर मोठीच चूक. दोर, रिकामा पिंप, फळी, जें तरंगेल तें फेंकावें.

आपल्या किनाऱ्याचे ऋतु

कोंकणच्या समुद्राचा स्वभाव ऋतूप्रमाणें पालटतो. जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. त्या दिवसांत खोल समुद्रांत लाटा तीन-चार मीटर, व कधीं त्याहूनही उंच असतात. कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवितात, आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून मग मासेमारीच्या हंगामास आरंभ करितात. या काळाची भीति सर्वांस ठाऊक असते, म्हणून ती एका अर्थीं कमी घातक.

नोव्हेंबर ते मार्च या काळांत समुद्र निवळलेला असतो. तथापि इराणच्या आखाताकडे ‘शमाल’ नांवाचे वायव्येचे जोरदार वारे सुटतात, आणि त्यांनीं उठविलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरी व गोव्यापर्यंत येतात. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत दुपारीं समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहतो, त्यामुळें सकाळपेक्षां दुपारच्या लाटा चढलेल्या असतात. सहलीची मोटार बहुधा दुपारींच किनाऱ्यावर पोंचते, हें लक्षांत ठेवावें.

एप्रिल व मे हे महिने विशेष विचार करण्याजोगे आहेत. इकडे आपला उन्हाळा, आकाश निरभ्र, शाळांस सुटी. तिकडे दक्षिण गोलार्धांत हिंवाळ्याची चाहूल लागून वादळें वाढूं लागतात. वर सांगितलेल्या ‘चोर समुद्रा’चा मुख्य हंगाम हाच. म्हणजे ज्या दिवसांत आपल्या मुलांस समुद्र अत्यंत सौम्य दिसतो, त्याच दिवसांत दुरून येणारी लाट त्यांस अधिक फसवूं शकते.

लाटांबरोबर भरती-ओहोटीचाही विचार केला पाहिजे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास भरती अतिशय चढते, तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती अगदीं मंद असते, तिला भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या भरतीवर दूरची लाट आली म्हणजे पाणी पुळण ओलांडून वर येतें. भरतीची वेळ काढण्याची कोंकणांतील जुनी रीति फार सोईची आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां, द्वादशीस ९ वाजतां पूर्ण भरती. तिच्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. पूर्वीं मराठी शाळांत पाऊणकी पाठ करून घेत. तिचा असा उपयोग आहे. ही रीति स्थूलमानाची आहे, म्हणून नक्की वेळ छापील कोष्टकांत पाहावी. आपणांस जवळचा असा सुरतेकडील डुमसचा किनारा खंबायतच्या आखाताच्या तोंडाशीं आहे. तेथें लाटांपेक्षां भरतीचेंच भय अधिक, कारण सपाट चिखलावरून पाणी पाहतां पाहतां चढतें.

पूर्वज्ञान कोठून मिळतें व तें कसें वाचावें?

हैदराबाद येथें भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही सरकारी संस्था १९९९ सालीं स्थापन झाली. तिच्याकडून लाटांची उंची, दिशा व आवर्तनकाल यांचें भाकित रोज प्रसिद्ध होतें, व धोका असल्यास रंगाच्या खुणेनें सूचना दिली जाते. तिचे तरंगते मापक रत्नागिरी व वर्सोवा यांसारख्या ठिकाणीं समुद्रांत नांगरलेले आहेत. शिवाय उपग्रहही आकाशांतून लाटांची उंची मोजतात. भारत व फ्रान्स यांनीं मिळून २०१३ सालीं सोडलेला ‘सरल’ हा त्यांपैकींच एक. वाऱ्याचें मान गणकयंत्रांत घालून लाटांचें पुढील मान काढतात व तें या मापांशीं ताडून पाहतात.

भाकितांत जी उंची दिलेली असते ती सर्वांत मोठ्या लाटेची नसते. सर्व लाटांपैकीं ज्या उंच एक-तृतीयांश, त्यांची ती सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही असूं शकते. हें ध्यानांत ठेवून एक काल्पनिक भाकित वाचून पाहूं. समजा, मे महिन्यांत एका कोंकणी पुळणीविषयीं पुढील मजकूर आला आहे:

शुक्रवार: उंची १.२ मीटर, आवर्तनकाल ६ सेकंद, दिशा वायव्य.
शनिवार: उंची ०.५ मीटर, आवर्तनकाल १९ सेकंद, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य.
रविवार: उंची १.१ मीटर, आवर्तनकाल १६ सेकंद, दिशा तीच.
सोमवार: उंची ०.९ मीटर, आवर्तनकाल १४ सेकंद, दिशा तीच.

या चार दिवसांत कोणता दिवस अधिक वाईट? उंचीच पाहणारा शुक्रवार म्हणेल. पण शुक्रवारची लाट जवळच्या वाऱ्याची, आंखूड व त्रासदायक. शनिवारीं उंची अर्ध्याहून कमी झाली, परंतु आवर्तनकाल एकदम १९ सेकंदांवर गेला. हा दूरच्या वादळाचा पहिला निरोप आहे. चपळ घोडे येऊन पोंचले. थवा मागून येत आहे. रविवारीं तो थवा आला. उंचीचा वर्ग व आवर्तनकाल यांचा गुणाकार करून पाहिल्यास शुक्रवारचा अंक ८.६ व रविवारचा १९.४ येतो, म्हणजे रविवारची लाट उंचीनें किंचित् कमी असूनही शक्तीनें दुपटीहून अधिक. सोमवारीं आवर्तनकाल व उंची उतरूं लागली, म्हणजे थवा सरत आला. जो शिक्षक शनिवारीं सकाळीं समुद्र शांत पाहून रविवारीं मुलांस पाण्यांत उतरविण्याचें ठरवील, त्यानें निरोप हातीं असून वाचला नाहीं असें म्हणावें लागेल.

सहलीस जाणारांसाठीं नियम

१. निघण्यापूर्वीं दोन दिवस व निघण्याच्या दिवशीं लाटांचें भाकित पाहावें. सूचना असेल तर पाण्यांत उतरण्याचा बेत रद्द करावा. समुद्र दुरूनही सुंदरच दिसतो.
२. उंचीबरोबर आवर्तनकाल पाहावा. तो एकाएकीं १५ सेकंदांच्या वर गेला तर विशेष सावध राहावें.
३. भरती-ओहोटीची वेळ काढून ठेवावी.
४. किनाऱ्यावर पोंचल्यावर निदान पंधरा मिनिटें नुसतें पाहावें. लाटांचा एक घोळका येऊन गेल्यावांचून समुद्राविषयीं मत बनवूं नये.
५. स्थानिक कोळी व जीवरक्षक जें सांगतील तें आज्ञेप्रमाणें मानावें. तांबडें निशाण असेल तेथें वाद घालूं नये.
६. खडकांवर व धक्क्याच्या टोकांवर उभें राहून छायाचित्रें काढूं नयेत.

विद्यार्थिमित्रहो, पूर्वींच्या माणसास लाट म्हणजे समुद्राची लहर वाटे, आणि तिच्यापुढें त्याचा इलाज नसे. आज ती निघाल्यापासून पोंचेपर्यंत तिच्यावर पाळत ठेवणारे लोक आहेत. कित्येक दिवस आधीं ते आपणांस हांक मारून सांगतात. त्यांची हांक ऐकण्यास समुद्रकांठीं राहावें लागत नाहीं. ती जळगांवांत ऐकूं येते व धुळ्यांतही येते. ती ऐकून घेण्यास फार विद्या लागत नाहीं. एक गुणाकार, तीन अंक व थोडा धीर एवढें पुरे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. १६ सेकंद आवर्तनकालाच्या लाटांस ५,४०० किलोमीटर जाण्यास सुमारें किती दिवस लागतील?
२. दोन लाटांची उंची प्रत्येकीं ०.८ मीटर आहे. एकीचा आवर्तनकाल ७ सेकंद व दुसरीचा १४ सेकंद. कोणती अधिक शक्ति आणते व किती पट?
३. दशमीस पूर्ण भरती सुमारें किती वाजतां येईल? पूर्ण ओहोटी केव्हां?
४. दूरच्या किनाऱ्यावर लहान उंचीच्या पण दीर्घ आवर्तनकालाच्या लाटा आधीं कां येतात, हें स्वतःच्या शब्दांत लिहा.